विश्लेषण : मायदेश सुटलेल्या मुलीने मातीत काय शोधले? आना मेंदिएता यांच्या तीन मिनिटांच्या मूक चित्रफितींची गोष्ट

मोबाइलवर रील पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना आना मेंदिएता यांच्या चित्रफिती आधी ओळखीच्या वाटतील. लांबी साधारण तीन मिनिटे. कॅमेरा एका जागी. समोर एकच व्यक्ती, तीही बहुतेक वेळा स्वतः कलाकारच. मग एकेक गोष्ट खटकू लागते. आवाज नाही. चेहरा दिसत नाही. पुढेपुढे तर माणूसच नाहीसा होतो आणि वाळूत, चिखलात, गवतात उमटलेला बाईच्या देहाचा ठसा तेवढा उरतो. लाट येते, ठसा पुसट होतो, फिल्म संपते. १९७१ ते १९८१ या दहा वर्षांत अशा शंभरावर चित्रफिती करणाऱ्या या क्युबन-अमेरिकी कलावतीचे काम आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत दाखवले जाते. मात्र तिच्याविषयी बोलताना पहिल्यांदा आठवतो तो १९८५ मधला तिचा मृत्यू आणि त्यानंतरचा खटला. त्या मृत्यूआधीची ३६ वर्षे समजून घेतली, तर या चित्रफिती कशासाठी होत्या ते उलगडते.

सुखवस्तू घरातली मुलगी निर्वासित कशी झाली?

आना यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९४८ रोजी हवानात झाला. घराणे क्युबाच्या राजकारणातले. कार्लोस मेंदिएता हे नात्याने आजोबा लागणारे गृहस्थ १९३०च्या दशकात देशाचे अध्यक्ष होते. वडील इग्नासिओ वकील आणि राजकारणात सक्रिय, आई राकेल रसायनशास्त्राची. घरात नोकरचाकर होते. वारादेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्ट्या जात. घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांकडून मुलींच्या कानावर आफ्रिकेतून आलेल्या देवदेवतांच्या कथा पडत. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी कॅथलिक संतांच्या आड आपले देव जपले, त्यातून क्युबात ‘सांतेरिया’ हा पंथ तयार झाला. या कथा पुढे आना यांच्या कामात परत येतात.

१९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. इग्नासिओ सुरुवातीला क्रांतीच्या बाजूचे होते. राजवट साम्यवादाकडे झुकू लागली तसे त्यांचे बिनसले आणि ते विरोधकांना सामील झाले. त्याच काळात पालकांमध्ये एक अफवा जोरात होती : सरकार मुलांवरचा आईवडिलांचा हक्क काढून घेणार आणि मुले ताब्यात घेऊन त्यांना हवे तसे घडवणार. या भीतीपोटी हजारो आईबापांनी जो निर्णय घेतला, तो आज वाचतानाही पोटात कालवाकालव होते. त्यांनी मुलांना एकटेच विमानात बसवून अमेरिकेला धाडले.

‘ऑपरेशन पेड्रो पान’ काय होते?

मायामीतील कॅथलिक चर्चची कल्याण संस्था आणि अमेरिकी परराष्ट्र खाते यांनी मिळून ही योजना चालवली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात १४ हजारांहून अधिक मुले पालकांशिवाय अमेरिकेत आली. कधीच मोठा न होणाऱ्या पीटर पॅनवरून मोहिमेला नाव पडले. काही महिन्यांत कॅस्ट्रो यांची राजवट पडेल आणि मुले घरी येतील, किंवा आपणच त्यांच्यामागे जाऊ, असा पालकांचा हिशेब होता. राजवट पडली नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात विमाने बंद झाली आणि अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे दोन देशांत तुटून राहिली.

आना आणि तिची थोरली बहीण राकेलिन ११ सप्टेंबर १९६१ रोजी मायामीत उतरल्या. आना १२ वर्षांची होती. हवाना ते मायामी विमानाने तासाभराचेही अंतर नाही. पण मायामीत ज्यांचे कुणी नव्हते अशा मुलांना देशभरातील अनाथाश्रमांत आणि पालक कुटुंबांत वाटून देण्यात येत होते. काही आठवडे छावणीत काढल्यावर दोघी बहिणींची रवानगी थेट आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी झाली. मक्याची शेते, हाडे गोठवणारी थंडी आणि स्पॅनिश बोलणारे जवळपास कुणी नाही, असा तो मुलूख.

आईवडील हयात असताना त्या अनाथाश्रमात राहिल्या. नंतर पालक कुटुंबे बदलली, शाळा बदलल्या. आई आणि धाकटा भाऊ १९६६ मध्ये अमेरिकेत पोहोचले. वडिलांना यायला १९७९ उजाडले, कारण बे ऑफ पिग्जच्या फसलेल्या स्वारीशी संबंध असल्यावरून ते सुमारे १८ वर्षे क्युबाच्या तुरुंगात होते. विमानतळावर निरोप घेतलेल्या वडिलांना आना पुन्हा भेटल्या तेव्हा तिशीत आल्या होत्या.

यात आणखी एक पेच आहे आणि तो आना यांना समजून घ्यायला फार महत्त्वाचा आहे. क्युबात त्यांचे घराणे गोऱ्यांत मोडायचे, वरच्या वर्गातले होते. आयोवातल्या शाळेत मात्र त्यांच्या रंगावरून, बोलण्यावरून मुले चिडवत, शिव्या देत. म्हणजे विमानात बसताना मुलगी गोरी होती आणि उतरल्यावर ‘काळी’ झाली. देश गेला तो गेला, पण आपण कोण याचे उत्तरही दुसऱ्यांनी परस्पर बदलून टाकले. प्रौढपणी त्या स्वतःला तिसऱ्या जगातली, गौरेतर स्त्री म्हणवून घेऊ लागल्या, त्याचे मूळ या शाळेच्या आवारात आहे.

चित्रकला सोडून कॅमेरा का हातात घेतला?

आयोवा विद्यापीठात त्यांनी चित्रकलेची पदवी घेतली, १९७२ मध्ये पदव्युत्तर पदवीही मिळवली. आणि त्याच वर्षी चित्रे काढणे सोडून दिले. रंगवलेली प्रतिमा त्यांना पुरेशी खरी वाटेना. प्रतिमेत ताकद हवी, एखाद्या मंत्रात किंवा विधीत असते तशी, असे त्यांचे म्हणणे होते.

योगायोगाने योग्य जागा जवळच होती. जर्मनीतून आलेले कलावंत हान्स ब्रेडर यांनी १९६८ मध्ये याच विद्यापीठात ‘इंटरमीडिया’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला होता. नाटक, नृत्य, शिल्प, फिल्म, व्हिडीओ यांच्यामधल्या भिंती तिथे पाडल्या जात. आना तिथे दाखल झाल्या. ब्रेडर त्यांचे शिक्षक होते आणि पुढे जवळपास दशकभर सहचरही. अनेक चित्रफितींमध्ये कॅमेऱ्यामागे ब्रेडरच असत.

सुरुवातीचे प्रयोग धक्का देणारे आहेत. एका वर्गमित्राची कापलेली दाढी केस-केस करून स्वतःच्या चेहऱ्यावर चिकटवणे, काचेवर चेहरा इतका दाबणे की तो ओळखू येऊ नये. बाई, पुरुष, गोरी, काळी या पाट्या चेहऱ्यावर किती वरवर चिकटवलेल्या असतात, हे त्या तपासत होत्या असे म्हणता येईल. आयोवातली शाळा इथे आठवतेच.

१९७३ च्या मार्चमध्ये विद्यापीठातील एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. आना यांनी आपल्या खोलीत तो प्रसंग स्वतःच्या देहावर उभा केला. बोलावलेले वर्गमित्र आले तेव्हा दार अर्धवट उघडे होते आणि आत त्या निपचित होत्या. त्याच वर्षी त्यांनी एका इमारतीच्या दारातून फुटपाथवर जनावराचे रक्त ओघळवले आणि उभ्या गाडीतून सुपर-८ कॅमेऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना टिपले. लोक बघतात. कुणी छत्रीच्या टोकाने चाचपते. पुढे जातात. दार ठोठावायला कुणी धजावत नाही. अखेर शेजारून एक माणूस येतो आणि ते साफ करून टाकतो. काही मिनिटांच्या या फिल्ममध्ये एकही शब्द नाही, आणि बघ्यांच्या गर्दीवर इतके नेमके काम मला दुसरे आठवत नाही.

सुपर-८ कॅमेऱ्यानेच का?

हा मुद्दा तांत्रिक वाटेल, पण आना यांच्या कलेचा अर्धा अर्थ त्यात आहे. कोडॅक कंपनीने १९६५ मध्ये सुपर-८ फिल्म बाजारात आणली ती घरगुती वापरासाठी. वाढदिवस, सहली, पोरांची पहिली पावले टिपायला. फिल्मची कॅसेट कॅमेऱ्यात खटकन बसवायची की काम सुरू. एका कॅसेटमध्ये ५० फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला १८ चौकटी या वेगाने साधारण तीन मिनिटे वीस सेकंद. आवाज नोंदवण्याची सोय सुरुवातीला नव्हती. आना यांच्या बहुतेक चित्रफितींची लांबी या कॅसेटनेच ठरवली आहे. कॅसेट संपली की फिल्म संपली.

दुसरे असे, की या फिल्मची वेगळी निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यात जी पट्टी उजेडाला सामोरी गेली, तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढवायची. प्रत्येक खेळाला तिच्यावर ओरखडे पडणार. विरून जाणाऱ्या आकृती टिपायला आना यांनी निवडलेले साधनही असे झिजणारेच होते.

आणि हे घरगुती साधन होते, हे विसरून चालणार नाही. इतर कुटुंबे ज्या कॅमेऱ्याने आपले घर, आपले अंगण टिपत होती, त्याच कॅमेऱ्याने ही बाई घर नसल्याची नोंद ठेवत होती.

मेक्सिकोत काय गवसले?

ब्रेडर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना मेक्सिकोला नेत. वाहाका प्रांतात आना यांना स्पॅनिश बोलणारी माणसे भेटली, कॅथलिक देवळांत जुन्या देवांच्या खुणा दिसल्या, मृतांसाठी फुले वाहणारे सण दिसले. क्युबा बंद होता आणि अमेरिकेत त्या रुजत नव्हत्या. मेक्सिको ही दोन्हींच्या मधली जागा ठरली.

१९७३ मध्ये यागुल या प्राचीन स्थळी, झापोटेक लोकांच्या उघड्या पडलेल्या एका थडग्यात त्या विवस्त्र झोपल्या आणि अंगावर पांढरी फुले पसरून घेतली. छायाचित्रात जणू देहातूनच झाड उगवले आहे. पुढे ज्या मालिकेने त्यांचे नाव झाले, त्या ‘सिलुएता’ मालिकेची ही सुरुवात. सिलुएता म्हणजे बाह्याकृती, देहाची रेषा.

पुढच्या वर्षीची एक चित्रफीत पाहा. यागुललाच दगडांचा एक ढीग दिसतो. काही वेळ काहीच घडत नाही. मग एखादा दगड हलतो, घरंगळतो. ढीग वर-खाली होऊ लागतो आणि लक्षात येते की खाली कुणी श्वास घेते आहे. श्वास मोठा होत जातो, दगड पडत जातात, देह दिसू लागतो. आणखी एका फिल्ममध्ये आयोवातल्या हिरवळीचा एक तुकडा असाच श्वास घेताना दिसतो. समुद्रावर त्या पांढऱ्या पिसांनी अंग झाकून लाटांवर तरंगत किनाऱ्याकडे येतात. ओढ्यात त्या पाण्याच्या धारेत नुसत्या पडून राहतात.

आपल्याकडे एखाद्या गावाशी असलेले नाते सांगताना तिथे माझी नाळ पुरली आहे, असे म्हणतात. आना यांच्या मनात असेच काहीसे होते. कोवळ्या वयात मायभूमीपासून तोडले गेल्यामुळे आपण जणू गर्भातून बाहेर फेकलो गेलो, ही भावना त्यांनी वारंवार मांडली. आपली कला म्हणजे धरतीशी तुटलेली ती नाळ पुन्हा जोडण्याचा खटाटोप आहे, असे त्या मानत. फरक इतकाच की ज्या मातीत त्या झोपत होत्या ती त्यांच्या गावाची नव्हती. आयोवातला ओढ्याकाठचा चिखल असो की मेक्सिकोची वाळू, मिळेल त्या जमिनीला आपली करून पाहणे चालले होते.

देह चौकटीतून बाहेर का गेला?

१९७५ च्या सुमारास एक महत्त्वाचा बदल दिसतो. आना स्वतः फिल्ममध्ये झोपेनाशा झाल्या. त्याऐवजी आपल्या मापाची आकृती करून त्या बाजूला होऊ लागल्या. उंची जेमतेम पाच फूट, म्हणजे या आकृती माणसाच्या खऱ्या मापाच्या, पण लहानखुऱ्या. कधी जमिनीत कोरलेल्या, कधी फुलांनी, बर्फाने, मेणबत्त्यांनी मांडलेल्या.

मग त्या आकृतीचे काहीतरी होते. पांढऱ्या कापडाने झाकलेली एक आकृती पेटते आणि राख उरते. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वाळूतल्या खळग्यात लाल रंग भरलेला आहे, लाट येते आणि तो समुद्रात मिसळतो. १९७६ मध्ये वाहाकातल्या एका आतषबाजी करणाऱ्या कारागिराकडून त्यांनी बांबूची मानवाकृती करून घेतली. आपल्याकडे जत्रेत दारूकाम असते, तसेच ते. काळोखात ती उभी आहे, एका टोकाला ठिणगी पडते, हात, डोके, छाती एकेक करून धडाडून उजळतात, हृदयाच्या जागी लाल ज्योत राहते आणि अंधार होतो. सगळे मिळून अडीच मिनिटे.

या काळातले अमेरिकी कलावंत वाळवंटात बुलडोझर लावून अवाढव्य शिल्पे घडवत होते. जमिनीवर आपली मोहोर उमटवण्याची ती पुरुषी ईर्षा होती, असे आना यांचे मत होते. त्यांच्या आकृती काही तासांत, फार तर काही आठवड्यांत निसर्गात मिसळत. बघायला प्रेक्षकही नसत. कॅमेरा हाच साक्षीदार. त्यामुळे या चित्रफितींना केवळ नोंद म्हणावे की कलाकृती, हा वाद निरर्थक ठरतो. जी गोष्ट घडून गेली आणि कुणी पाहिली नाही, ती घडल्याचा एवढाच पुरावा आहे. घर सुटलेल्या माणसाला पुराव्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

न्यूयॉर्कने त्यांना सामावून घेतले का?

१९७८ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या आणि ए.आय.आर. या गॅलरीच्या सदस्य झाल्या. स्त्री कलाकारांनी सहकारी तत्त्वावर चालवलेली ही अमेरिकेतली पहिली गॅलरी. तिथे मैत्रिणी मिळाल्या, पण स्त्रीमुक्तीची ती चळवळ प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची आहे, ही जाणीवही लवकरच झाली.

१९८० मध्ये आना यांनी दोन सहकाऱ्यांसोबत त्याच गॅलरीत अमेरिकेत राहणाऱ्या तिसऱ्या जगातील स्त्री कलाकारांचे प्रदर्शन भरवले. एक सहकारी जपानच्या काझुको मियामोतो. दुसरे नाव भारतीय वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे : झरीना. अलीगढमध्ये जन्मलेल्या, फाळणीनंतर ज्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले आणि ज्यांनी आयुष्यभर घराचे नकाशे, उंबरे आणि सीमारेषा कागदावर छापल्या, त्या झरीना हाश्मी. एक हवाना हरवलेली आणि एक अलीगढ हरवलेली, अशा दोघींनी मिळून भिंतीवर चित्रे लावली, ही घटना कलेच्या इतिहासात चार ओळींत उरकली जाते. या प्रदर्शनात हॉवर्डिना पिंडेल या कृष्णवर्णीय कलावतीचा व्हिडीओही होता. त्यात त्या स्वतःला आलेले वर्णभेदाचे अनुभव कॅमेऱ्याकडे बघत शांतपणे सांगतात. स्वतःच्या आयुष्यावर स्वतः व्हिडीओ करणे आज सहज वाटते, ते त्या वेळी या काही बायका नव्याने घडवत होत्या. आना यांनी १९८२ मध्ये ए.आय.आर. सोडली.

क्युबात परतल्यावर काय झाले?

जानेवारी १९८० मध्ये, १८ वर्षांनी आना क्युबाच्या भूमीवर उतरल्या. अमेरिकेतल्या क्युबन निर्वासितांपैकी अनेकांच्या लेखी तिथे जाणे म्हणजे कॅस्ट्रोंना मान्यता देणे होते. आना यांच्या बाबतीत तर ज्या सरकारने वडिलांना तुरुंगात ठेवले, त्याच सरकारच्या परवानगीने हे जाणे होते. वडील सुटून येऊन वर्षही झाले नसेल. तरीही त्या गेल्या, नातेवाइकांना भेटल्या, आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा जात राहिल्या. हवानातल्या तरुण कलावंतांशी त्यांची मैत्री जुळली.

१९८१ मध्ये संस्कृती मंत्रालयाच्या संमतीने त्यांनी हवानाजवळच्या हारुको डोंगरातल्या चुनखडीच्या गुहांमध्ये स्त्री-आकृती कोरल्या. कोलंबस येण्यापूर्वी या बेटांवर राहणाऱ्या ताईनो लोकांच्या देवींची नावे त्यांना दिली. गुहेच्या भिंतीवरचे हे कोरीवकाम त्यांनी सुपर-८ वर टिपले. आधीच्या सगळ्या आकृती विरून जाण्यासाठी होत्या. या दगडात होत्या. म्हणजे अखेर जिथे टिकावे असे वाटले, ती जागा क्युबा होती.

पण त्या पाहुण्या म्हणूनच गेल्या आणि पाहुण्या म्हणूनच परतल्या. त्यांच्या भेटींदरम्यानच, १९८० च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये, मारिएल बंदरातून सव्वा लाख क्युबन बोटींनी अमेरिकेकडे निघाले होते. ज्या देशातून लोक जीव मुठीत धरून बाहेर पडत होते, तिथे एक बाई आत जाण्याची वाट शोधत होती.

त्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी मायामीजवळ की बिस्केनच्या किनाऱ्यावर ‘ओचुन’ ही चित्रफीत केली. ही सुपर-८ वर नाही, व्हिडीओ टेपवर आहे, आणि हिला आवाज आहे. ओचुन ही सांतेरियातली गोड्या पाण्याची देवी. क्युबाची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या रूपाशी तिला जोडले जाते. उथळ पाण्यात वाळूच्या दोन वळणदार कडा, मधून देहाची आकृती, पण डोक्याकडे आणि पायाकडे उघडी. समुद्राचे पाणी एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. पलीकडे क्युबा आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. लाटांचा आवाज येत राहतो. यानंतर त्यांनी चित्रफिती केल्या नाहीत.

त्यांच्या कामावर आक्षेप काय?

ताईनो, झापोटेक, आफ्रो-क्युबन अशा ज्या परंपरांतून आना यांनी प्रतिमा घेतल्या, त्यांतली एकही त्यांच्या घराण्याची नव्हती. ज्यांच्या तोंडून त्यांनी देवतांच्या कथा ऐकल्या त्या बायका त्यांच्या घरी नोकरीला होत्या. मग हा आपलेपणाचा शोध की उसनवारी, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. स्त्री म्हणजे धरती, हे समीकरण स्त्रियांना पुन्हा निसर्गाच्या चौकटीत बसवते, असेही १९८०च्या दशकातल्या स्त्रीवाद्यांचे म्हणणे होते. आना यांच्या बाजूने इतके म्हणता येईल, की त्यांनी या वारशावर मालकी सांगितली नाही. आकृती केली आणि ती लाटेच्या, आगीच्या स्वाधीन केली. माझ्या मते पहिला आक्षेप तरीही पुरता निकालात निघत नाही.

मृत्यू आणि खटला

न्यूयॉर्कमध्ये १९७९ मध्ये त्यांची ओळख कार्ल आंद्रे यांच्याशी झाली. विटा आणि धातूच्या पत्र्यांची मांडणी करणारे आंद्रे हे मिनिमलिझम या प्रवाहातले बडे नाव. नात्यात चढउतार होते. १९८३ मध्ये आना यांना प्रतिष्ठेचा ‘रोम प्राइझ’ मिळाला आणि त्या रोमला गेल्या. तिथे त्यांना पहिल्यांदाच स्वतःचा स्टुडिओ लाभला. लाकडाच्या ओंडक्यांवर बंदुकीच्या दारूने आकृती जाळून उमटवणे त्यांनी तिथे सुरू केले. जानेवारी १९८५ मध्ये रोममध्ये दोघांनी लग्न केले.

८ सप्टेंबर १९८५ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या ३४व्या मजल्यावरील घराच्या खिडकीतून पडून आना यांचा मृत्यू झाला. घरात आंद्रे होते. त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. ज्यूरीऐवजी न्यायाधीशासमोर खटला चालवण्याचा पर्याय त्यांनी घेतला. हा अपघात किंवा आत्महत्या असावी, असा बचाव होता. प्रत्यक्ष पाहणारे कुणी नव्हते. फेब्रुवारी १९८८ मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले.

आना यांच्या अनेक मैत्रिणींच्या दृष्टीने ते संपले नाही. बचाव पक्षाने त्यांच्या कलेतले रक्त, थडगी आणि सांतेरियाचे संदर्भ त्यांच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून मांडले, याची चीड त्यांना अधिक होती. १९९२ मध्ये गुगनहाइम संग्रहालयाच्या न्यूयॉर्कमधल्या नव्या दालनात आंद्रे यांचे काम मांडले गेले, तेव्हा बाहेर निदर्शने झाली. आना कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. आंद्रे यांचे २०२४ च्या जानेवारीत वयाच्या ८८व्या वर्षी निधन झाले.

चित्रफितींचे पुढे काय झाले?

हयातीत आना यांच्या फार थोड्या फिल्म लोकांनी पाहिल्या होत्या. लोकांना माहीत होती ती छायाचित्रे. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमने त्यांच्या कामाचे पहिले मोठे प्रदर्शन भरवले. फिल्मच्या पट्ट्या मात्र पुढची अनेक वर्षे कुटुंबाने जपून ठेवलेल्या डब्यांत होत्या. राकेलिन, म्हणजे त्याच विमानातून आलेली बहीण, आणि तिची मुलगी यांनी हा ठेवा सांभाळला. मूळ सुपर-८ पट्ट्या नाजूक झालेल्या. त्या तपासून, स्वच्छ करून, डिजिटल करण्याचे काम सुरू झाले तेव्हा चित्रफितींची संख्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली : १०४. मिनेसोटा विद्यापीठात २०१५ मध्ये केवळ या चित्रफितींचे प्रदर्शन झाले. नंतर ते बर्लिन आणि पॅरिसलाही गेले.

संग्रहालयात त्या अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, एकामागोमाग एक पुन्हा पुन्हा लावतात. लाट वाळूतली आकृती पुसते, पडदा क्षणभर काळा होतो, आणि आकृती पुन्हा जागेवर असते.